चिलखतावर अंगरखा चढत नाही, काय करू?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी स्कायरिम या खेळासाठी स्वतःचे कपडे आणि चिलखतं तयार करण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली पत्रं पाहून ठरवलं, हा महिना त्यांचाच. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तलवारी, ड्रॅगन आणि बर्फाळ डोंगरांचा हा खेळ 2011 च्या नोव्हेंबरमध्ये आला. 2012 च्या फेब्रुवारीत त्याचं क्रिएशन किट हे साधन सगळ्यांना फुकट मिळालं आणि कुणालाही खेळात स्वतःची भर घालता येऊ लागली. या भरीला मॉड म्हणतात. मी पुण्यात सात वर्षं खेळांसाठी थ्रीडी मॉडेलं केली, आता तेच काम सांगलीत घरून करते. माझ्या आईचा विश्रामबागेत शिवणक्लास होता. खालच्या उत्तरांतलं निम्मं तिच्याकडून आलेलं आहे.

प्रश्न : ताई, मी विट्याचा. घरी यंत्रमाग आहेत, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्कायरिमसाठी मराठेशाही पोशाख करतोय: आत चिलखत, वर अंगरखा, कमरबंद, खांद्यावर शेला. पण चिलखत घातलं की अंगरखा उतरतो आणि अंगरखा घातला की चिलखत. शिवाय खेळणाऱ्याला लांबी, बाही, रंग सगळं निवडता यावं असं वाटतं. लांबीचे 3 प्रकार, बाहीचे 3, कमरबंदाचे 4, खांद्याचे 4 आणि रंग 6. गुणाकार केला तर 864 पोशाख होतात. एवढं कधी करणार?

आधी पहिली अडचण सोडवू. तुझ्या मनात जे चित्र आहे ते आपल्याकडे प्रत्येकाच्या मनात असतं. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अफझलखानाला भेटायला गेले ते अंगरख्याच्या आत चिलखत घालूनच. वरून साधा पोशाख आणि आत लोखंड. तुझ्या मॉडचा जीव या दोन थरांत आहे, आणि नेमकं तेच खेळाला मंजूर नाही.

कारण असं. स्कायरिममध्ये अंगाच्या प्रत्येक भागाला एक आकडा आहे. 32 म्हणजे धड, 33 हाताचे पंजे, 35 गळ्यातला दागिना, 37 पावलं, 39 ढाल. याला स्लॉट म्हणतात. एका स्लॉटवर एका वेळी एकच वस्तू राहते. तू चिलखत आणि अंगरखा दोन्ही 32 वर ठेवले आहेस, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. पण 44 पासून पुढचे बरेच स्लॉट मूळ खेळात मोकळे आहेत आणि मॉड करणाऱ्यांनी आपसांत त्यांचा एक रिवाज पाडला आहे: 46 वर बाहेरचा अंगातला कपडा, 47 पाठीवर, 49 कमरेला, 57 खांद्यावर, 59 दंडाला. म्हणजे चिलखत 32 वर ठेव, अंगरखा 46 वर, बाही 59, कमरबंद 49, शेला 57. मॉडच्या वर्णनात हे आकडे लिहून टाक. दुसऱ्याच्या मॉडनेही तोच स्लॉट घेतला असेल तर खेळणाऱ्याला निदान कारण कळेल.

एक ठेच मला लागली होती, ती तुला लागू नये. स्लॉटचा आकडा दोन ठिकाणी असतो. एक क्रिएशन किटमध्ये, दुसरा मॉडेलच्या निफ फाइलच्या आत, तिथे त्याला पार्टिशन म्हणतात. दोन्ही जुळले नाहीत तर कपडा अंगावर चढतो पण दिसतच नाही. मी दोन रात्री टेक्श्चर, म्हणजे मॉडेलवर चढवलेलं रंगाचं चित्र, तपासत बसले होते. निफ फाइली उघडणारं निफस्कोप घेऊन पार्टिशन 32 चं 46 केलं आणि अंगरखा दिसायला लागला.

आता 864. कोणताही शिंपी गिऱ्हाइकाला 864 तयार पोशाख दाखवत नाही. तो एक मुंढा, म्हणजे बाही जिथे धडाला जोडते ती कड, पक्का करतो आणि म्हणतो, बाही कुठली लावू ते सांगा. तूही धड आणि बाही वेगळी काप. रंग बाजूला ठेवले तरी एकेका जोडणीचं वेगळं मॉडेल करायचं तर 144 आकार होतात. तुकडे वेगळे केलेस तर 3 अधिक 3 अधिक 4 अधिक 4, म्हणजे फक्त 14. प्रत्येकाच्या चार फाइली लागतात, कारण पुरुष आणि स्त्री वेगळे, आणि दोघांचा सडपातळ व भरलेला बांधा वेगळा. म्हणजे 576 च्या जागी 56 फाइली. मॉडेल बिंदू जोडून बनतं; सडपातळ आणि भरलेल्या बांध्याच्या फाइलींत त्या बिंदूंची संख्या आणि क्रम अगदी एक ठेव. एक बिंदू जरी कमी-जास्त झाला तर मधल्या बांध्याच्या माणसाच्या अंगावर कपडा फाटल्यासारखा चारी दिशांना ताणला जातो.

रंगासाठी नवं मॉडेल लागत नाही. मॉडेल तेच राहतं आणि त्यावर टेक्श्चर सेट बदलतो. अंगरखा आणि बाही यांनाच सहा रंग दे, कमरबंद आणि शेला ठरलेल्या रंगात ठेव. सहा सक छत्तीस आणि आठ, एकूण 44 वस्तू. बाही वेगळी असल्यामुळे पांढऱ्या अंगरख्याला तांबडी बाही लावता येते. हे तुझ्या 864 मध्ये नव्हतंच.

पण तुकडे करायचे म्हणजे सगळी परीक्षा मुंढ्यावर आली. माझा पहिला अंगरखा आईला दाखवला तेव्हा पात्राने धनुष्य ओढायला हात वर केला आणि खालचा घेर पार मांडीपर्यंत उचलला गेला. आई चष्मा न लावता म्हणाली, "मुंढा खाली उतरलाय. वर घे." खऱ्या कपड्यातही असंच होतं. मुंढा खोल ठेवला की बाही आणि धड एकमेकांना ओढतात. काखेच्या जवळ घेतला की हात मोकळा फिरतो. ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल करायच्या साधनात मी मुंढ्याची कड काखेजवळ आणली, खांद्याभोवती बिंदूंच्या तीन रांगा जास्त घातल्या आणि काम झालं.

तुझ्या बाबतीत आणखी एक काळजी. धडाच्या मुंढ्याच्या कडेवर समजा 24 बिंदू आहेत, तर तिन्ही बाह्यांच्या वरच्या कडेवर तेच 24 बिंदू त्याच जागी हवेत. पात्राच्या आतल्या सांगाड्याच्या हाडांशी त्यांचं असलेलं नातंही तेच हवं. कोणता बिंदू खांद्याच्या हाडाबरोबर किती हलेल आणि छातीच्या हाडाबरोबर किती, हे आकड्यांत ठरतं. एका बिंदूला जास्तीत जास्त चार हाडं बांधता येतात. धडाचा बिंदू एक सांगतो आणि बाहीचा दुसरंच, असं झालं तर हात उचलताच शिवण उसवते आणि आतलं चिलखत दिसतं. या आकड्यांना वजनं म्हणतात. आउटफिट स्टुडिओ या साधनात मूळ शरीरावरून ही वजनं उतरवून घे, मग कडेचे बिंदू एकेक पाहून हाताने जुळव. प्रकाशाची दिशा सांगणारे नॉर्मलही कडेवर जुळव, नाहीतर उन्हात जोडावर काळी रेघ दिसते.

तू मागवाल्याच्या घरचा आहेस म्हणून एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. यूव्ही म्हणजे मॉडेल उसवून सपाट केलेलं कटिंग. बहुतेक जण ते तुकडे चौकोनात बसतील तसे फिरवून कोंबतात. तू तसं करू नकोस. बाहीचा उभा धागा खांद्यापासून मनगटाकडे जातो, तर यूव्हीतली बाहीही उभीच ठेव, धडाचा पुढचा भागही उभा. मग वडिलांच्या मागावरच्या एखाद्या रेघांच्या कापडाचा सपाट फोटो काढून टेक्श्चर म्हणून लावलास तर रेघा अंगावर बरोबर उतरतील. आणि तुकड्यांच्या कडेला माया सोड. 2048 च्या टेक्श्चरमध्ये कडेच्या बाहेर सोळा पिक्सेल तरी रंग जाऊ दे. लांबून पाहताना खेळ तेच चित्र लहान करून वापरतो. माया नसेल तर शेजारचा रिकामा रंग शिवणीत झिरपतो.

प्रश्न : मी मिरजेत राहतो. ब्लेंडरमध्ये कड्यांचं चिलखत करतोय, एकेक कडी ओवून. छातीपर्यंत आलो आणि लॅपटॉप गोठला. जास्त रॅम घेऊ का?

रॅम घेऊ नकोस. कड्या ओवणं थांबव.

खऱ्या चिलखतात प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवलेली असते आणि अशा हजारो कड्या असतात. साधीशी कडी केलीस, आठ भागांची आणि चार बाजूंची, तरी तिला 64 त्रिकोण लागतात, कारण खेळातलं मॉडेल त्रिकोणांनीच बनतं. दहा हजार कड्यांचे झाले सहा लाख चाळीस हजार. हे एकाच पात्राच्या एकाच कपड्यासाठी. त्या मानाने काही हजार त्रिकोणांत अख्खं चिलखत नीट उभं राहतं. त्यामुळे कड्यांचा फक्त एक लहान चौकोन ओव, चारी बाजूंनी पुढच्याला जुळेल असा. त्यावरून नॉर्मल मॅप, म्हणजे सपाट जागेवर उंचसखलपणाचा भास देणारं चित्र, काढ आणि तो सपाट पृष्ठभागावर पुन्हा पुन्हा पसर. खऱ्या कड्या ठेवायच्याच असतील तर फक्त खालच्या काठाला ठेव, जिथे चिलखताची बाह्यरेषा दिसते.

मिरजेचा आहेस म्हणून सांगते. तुझ्या गावात सतार आणि तंबोरे करणारी जी घराणी आहेत त्यांचे पूर्वज शिकलगार होते, शस्त्रांना धार आणि चकाकी देणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी आटली तशी ती माणसं वाद्यांकडे वळली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या मुळाशी ही शिकल आहे. तुझ्या चिलखतालाही शिकल हवी आणि ती स्कायरिममध्ये एका आडबाजूच्या जागी ठेवलेली आहे: नॉर्मल मॅपच्या अल्फा चॅनेलमध्ये, म्हणजे चित्राच्या तीन रंगांखेरीजच्या चौथ्या थरात. तिथे पांढरं म्हणजे चकाकी, काळं म्हणजे मंद. नवखे लोक सगळीकडे एकच करडा रंग भरतात आणि मग लोखंड, कातडं, सुती कापड सगळं प्लास्टिकसारखं दिसतं. कड्यांच्या वरच्या कडा पांढऱ्या कर, मधल्या फटी जवळजवळ काळ्या. काखेत आणि गळ्याजवळ, जिथे कापड घासून घासून लोखंड उजळतं, तिथे आणखी थोडं पांढरं. एक दिवस वाद्यांच्या गल्लीत जाऊन जुन्या भोपळ्यावरचं पॉलिश कुठे झिजतं ते बघून ये. हाताचा स्पर्श जिथे होतो ती जागा कशी वेगळी दिसते ते तिथे कळतं.

खरी शस्त्रं पाहायची असतील तर साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय गाठ. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तिथे आली तेव्हा मी गेले होते. गर्दीत वाघनखं मिनिटभरच दिसली, पण नंतर बाकीच्या दालनांत मी वहीत मुठी, पट्टे आणि खिळ्यांचे माथे उतरवत तीन तास काढले. पातं कसंही काढता येतं, पण मूठ आणि पातं जोडणारा खिळा चुकला की सगळं खोटं वाटतं.

प्रश्न : दुसऱ्या खेळातलं तयार चिलखत काढून माझ्या मॉडमध्ये घातलं आणि नाव दिलं तर चालेल का?

नाही. ते कुणाच्या तरी महिन्याभराचं काम आहे. दुसऱ्या मॉडमधलं हवं असेल तर त्या माणसाला विचार, त्याने हो म्हटलं तर त्याचं नाव लिही.

प्रश्न : साताऱ्याहून. मी आणि माझा भाऊ मिळून मॉड करतोय. कपडा बनवायच्या अकरा पायऱ्या ठेवल्यात: कापूस वेचणं, पिंजणं, कातणं, ताणा लावणं, विणणं, धुणं, रंगवणं, वाळवणं, कापणं, शिवणं, बंद लावणं. आम्हाला हे खरं वाटतं, पण मित्र पाचव्या पायरीला सोडून देतात. पायऱ्या कमी केल्या तर मजा जाईल का?

तुम्ही दोघांनी कापडाचा पूर्ण प्रवास मांडलात हे मला मनापासून आवडलं, कारण मूळ स्कायरिममध्ये कपडा शिवताच येत नाही. लोखंडी चिलखत बनवता येतं, दागिने येतात, साधा सदरा येत नाही. ही उणीव तुम्ही हेरलीत.

आता एकेका पायरीपाशी थांबून एकच विचारा: इथे खेळणारा काय ठरवतो? कापूस पिंजताना तो काही ठरवत नाही, नुसतं बटण दाबतो. वाळवतानाही नाही. विणताना मात्र ठरवतो, जाड की तलम. जाड कापड वजनाला भारी, तलम हलकं. रंगवताना ठरवतो. शिवताना ठरवतो, कारण तिथे लांबी आणि बाही आहे. मी तीनच ठेवीन: हातमाग, रंगाचं पातेलं, शिवणाचं टेबल. कापूस वेचणं हे रानात फिरताना आपोआप होऊ द्या. गेलेल्या पायऱ्या वाया जात नाहीत. हातमागाशेजारी चरखा ठेवा, दोरीवर ओलं कापड टांगा. पाहणाऱ्याला त्या दिसतील.

या तीन जागा करणं अवघड नाही. प्रत्येकीला क्रिएशन किटमध्ये एक नवा कीवर्ड, म्हणजे खुणेचा शब्द, द्या आणि वस्तू बनवण्याच्या कृतीच्या नोंदीत तोच कीवर्ड लिहा. मग शिवणाच्या कृती शिवणाच्या टेबलावरच दिसतील, लोहाराच्या यादीत गर्दी होणार नाही. हालचालीसाठी आधी खेळातलीच कातडं कमावण्याच्या मांडणीची वापरा. माणूस वाकून काहीतरी ताणतोय असं दिसतं आणि ते कापडालाही शोभतं.

रंगांत हळद घ्या, मी आग्रहाने सांगते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मानांकन मिळालं, पण रंग म्हणून ती पक्की नाही. उन्हात उडते. लग्नाच्या हळदीचा सदरा ज्याने दोन उन्हाळे वापरला त्याला हे माहीत आहे. म्हणून हळदीचा पिवळा सगळ्यात स्वस्त ठेवा आणि त्याचं टेक्श्चर थोडं विटकं करा, खांद्यावर फिकट आणि काखेत गडद.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, "जुनं चिलखत वितळवून लोखंड परत मिळावं का?" मिळावं. पण पुरं नाही. माझे मामा खानापूर तालुक्यातले गलाईवाले. आपल्या खानापूर-आटपाडीच्या बाजूची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला गेली तशी त्यांनीही तीस वर्षं तमिळनाडूत काढली. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा ते जाळून, मुशीत घालून त्यातलं सोनं काढत. तरी मला नेहमी सांगत, "मुशीत घातलं तेवढं बाहेर कधी येत नाही. घट धरूनच हिशेब करायचा." स्कायरिममध्ये लोखंडी चिलखताला पाच लोखंडी लगडी आणि चामड्याच्या तीन पट्ट्या लागतात. परत देताना तीन लगडी द्या. पट्ट्या देऊ नका, चामडं भट्टीत जळतं. तसंही एका कृतीतून एकाच प्रकारची वस्तू बाहेर येते, म्हणून हे जमूनही जातं. पाचच्या पाच परत दिल्या तर चिलखत करण्याआधी कुणी विचारच करणार नाही.

ही कृती लिहिताना दोन अटी न विसरता घाला. पहिली गेटआयटमकाउंट, म्हणजे ते चिलखत जवळ असेल तरच कृती यादीत दिसेल. दुसरी गेटइक्विप्ड शून्य, म्हणजे अंगावर असेल तर ती दिसणारच नाही. ही दुसरी अट मी एकदा विसरले होते. चाचणी घेणाऱ्या मैत्रिणीचं, तिने कितीतरी वेळ खपून सुधारलेलं चिलखत अंगावरून थेट भट्टीत गेलं आणि हातात तीन लगडी उरल्या. सुधारलेलं आणि साधं यांत ती कृती फरक करत नाही. त्या संध्याकाळी मी तिला फोन करून माफी मागितली आणि अट घातली.

संरक्षणाच्या गुणांचा हिशेबही आत्ताच करा. स्कायरिममध्ये एका गुणामागे मार 0.12 टक्के कमी बसतो आणि 80 टक्क्यांच्या पुढे खेळ जाऊ देत नाही. तुम्ही कमरबंद, शेला, बाही, अंगरखा असे चार जास्तीचे तुकडे दिलेत आणि प्रत्येकाला 20 गुण दिलेत तर 9.6 टक्के फुकट वाढले. कापडाला शून्य द्या. कापडाने ऊब, मान, रंग द्यावा. तलवार अडवणं लोखंडाकडे राहू द्या.

प्रश्न : मी तासगावची. मुलगा सातवीत आहे. माइनक्राफ्टमध्ये दिवसभर चिलखतं रंगवत बसतो. मोबाइल काढून घेतला तर रडतो. त्याला स्वतःचं चिलखत "बनवायचंय" म्हणतो. हे शिकण्यासारखं आहे का, की वेळ घालवणं?

ताई, तो ज्या गोष्टीत रमलाय ती खरोखर शिकण्यासारखी आहे, आणि तिचा पहिला धडा मोबाइलशिवाय देता येतो. माइनक्राफ्टमध्ये चामड्याच्या पूर्ण पोशाखाला 24 चामडी लागतात: टोपीला 5, छातीला 8, पायजम्याला 7, बुटांना 4. रंग सोळा आहेत आणि ते एकमेकांत मिसळून चामड्यावर चढवता येतात. 2023 पासून चिलखतावर नक्षीही काढता येते. त्याला हे सगळं पाठ असणार, विचारून बघा.

चिलखत बनवायचं म्हणजे त्याला एक लहानसं चित्र रंगवायचंय, 64 ठिपके रुंद आणि 32 ठिपके उंच. त्याला गणिताची ग्राफची वही द्या. छातीची पुढची बाजू 8 चौकोन रुंद आणि 12 उंच आखायला सांगा, दंडाची 4 रुंद आणि 12 उंच, डोक्याची 8 बाय 8. मग छातीला दोन कुशी आणि पाठ जोडायला सांगा, कुस 4 रुंद. हे कागदाचं कटिंग झालं. माझ्या आईच्या क्लासमध्ये मुली पहिल्या आठवड्यात झबलं कापायच्या, तेही असंच कागदावर.

रंगपेटी घेऊन शेजारी बसा आणि त्याला विचारा, पुढून मागे जाणारा पट्टा कुशीत तुटणार नाही ना. तो बहुतेक पहिल्यांदा चुकेल, कारण पाठीकडची बाजू उलटी होते. खोडू द्या. कागदावर पुढून, मागून, दोन्ही कुशींतून पट्टा नीट फिरला की मोबाइल तासभर परत द्या, म्हणजे तेच चौकोन तो तिथे भरेल.